गोड लागलेलं औषध

कोहळीटोला, ता. साकोली, जि. भंडारा
१२ सप्टेंबर १९७६

चि. सौ. चंदास द्रौपदीताईचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. त्यात ‘मसला’ आणि ‘परेशान’ वाचून हे खूप हसले. म्हणाले, लखनौला आठ वर्षं काय राहिली, आता साळीला मराठीत रागावताही येत नसेल. मी म्हटलं, माझी बहीण बी.एस्सी. झालेली आहे, ती पाच भाषांत रागावेल.

हसण्यापुरतं एवढंच. बाकी इकडे दिवस बरे नाहीत. पावसाळ्यापासून टोल्यावर घरोघरी हिवताप आहे. आपल्या नयनाला महिना झाला. एक दिवस बरी असते, दुसऱ्या दिवशी दुपार झाली की दात वाजायला लागतात आणि मग अंग असं तापतं की हात ठेववत नाही. मलेरियावाले येऊन गोळ्या देऊन जातात. गोळी कुटून साखरेत दिली, मधात दिली, केळात दिली. जिभेला लागली की ओकते. आता तर वाटी दिसली तरी ओकते. मी पाय धरते, हे हात धरतात, शेजारीण नाक दाबते. चार वर्षांची पोरगी, पण तिघांना भारी पडते.

साकोलीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. डाव्या कुशीतली पानथरी वाढली म्हणाले. सगळं औषध पोटात राहिलं तरच ताप जाईल, अर्धंमुर्धं दिलं तर तो परत परत येईल आणि एक दिवस तिला घेऊन जाईल, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. आमच्या टोल्यावरची दोन लेकरं गेली, चंदा.

तू औषधाच्या कारखान्यात आहेस. तिला गिळवेल असं काही असलं तर पाठव. विजयरावांना जयभीम, दत्तूला पापा. लोभ तर तुझा आहेच, पण या वेळी लोभापेक्षा लवकर उत्तर दे.

तुझी,
द्रौपदीताई

*

मानक नगर, लखनौ
२६ सप्टेंबर १९७६

ती. ताईस चंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळाल्या मिळाल्या वाचलं. विजयलाही वाचून दाखवलं. दत्तूने विचारलं, नयना को क्या हुआ. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

योगायोग बघ. ऐशबागच्या आमच्या कारखान्यात सध्या हेच काम चाललंय आणि ते माझ्याकडेच आहे. क्लोरोक्वीन, म्हणजे तुमच्याकडे देतात तीच गोळी, लहान मुलांसाठी पातळ औषधात आणायची. आमचे मॅनेजर टंडनसाहेब म्हणतात की पुढच्या पावसाळ्याआधी बाटली दुकानात दिसली पाहिजे. औषध तयार आहे. अडलंय ते फक्त चवीवर.

तुला वाटेल साखर वाढवली की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. विरघळेल तेवढी साखर घातली. काय होतं सांगू? जिभेवर ठेवताच गोड लागतं, गिळताना गोड लागतं, आणि आता सुटलो असं वाटतं तेवढ्यात जिभेच्या मुळाशी कडू येतं आणि बसून राहतं. सॅकरिन घातलं तर त्याचं स्वतःचं कडू निघालं. लिंबाचं आम्ल घातलं तर तांब्याचा पैसा चोखल्यासारखं झालं. आंबट कडूला दाबेल अशी माझी कल्पना होती, त्याने उलट त्याला धार लावली.

चाखायला पॅकिंगमधल्या सहा बायका आहेत. मधुमती म्हणून एक आहे, तीच त्यांची पुढारी. रोज अकरा वाजता सहाजणी ओळीने बसतात, प्रत्येकीपुढे छोटे पेले, मध्ये कोमट पाण्याने चूळ. थेंबभर जिभेवर घ्यायचं, थुंकायचं आणि कागदावर दहापैकी गुण द्यायचे. आत्तापर्यंत कोणी तीनच्या वर गेलेलं नाही. मधुमती म्हणाली, बहनजी, यापेक्षा आम्हाला ताप आला तर बरा. माझी स्वतःची जीभ तर अशी झालीय की भाजीत मीठ किती ते दत्तूला चाखायला सांगते.

ताई, मायच्या काढ्याची आठवण येते. ती तापात काढा द्यायची आणि आपण प्यायचो, हे आठवतं. पण ती त्यात काय घालायची? मी लहान होते, तू चुलीजवळ असायचीस. आठवून लिही. टंडनसाहेबांना पावसाळ्याची घाई आहे, मला त्याहून जास्त आहे.

भाऊजींना जयभीम. नयनाला माझ्या वाट्याचं मांडीवर घे.

तुझी,
चंदा

*

कोहळीटोला
९ ऑक्टोबर १९७६

चि. सौ. चंदास अनेक आशीर्वाद व जयभीम.

मायचा काढा काडेचिराईताचा असायचा. रात्री भिजवायची, सकाळी आटवायची, गूळ घालायची. आणि शेवटी तळहातावर मीठ घेऊन त्यातली चिमूट सोडायची. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, गयाबाई, गुळात मीठ घालून नासवतेस काहून? माय म्हणाली की गूळ वाढवला तर पोरी ओकतात, मीठ घातलं तर पितात. खारट लागेल एवढं नाही घालायची. लागलं तर तिच्या मते ते जास्त झालं.

तू एवढी शिकलीस आणि मला मीठ विचारतेस, याचं हसू आलं असतं. पण समोरच्या घरचं सहा वर्षांचं पोरगं मंगळवारी गेलं. त्याला पण हाच ताप. नयना खिडकीतून बघत होती. मी खिडकी लावून घेतली तर म्हणाली, तो गोळी खात नव्हता का?

काल तिच्या पायातले वाळे आपोआप गळून पडले. पाय तेवढे बारीक झाले आहेत. जास्त लिहीत नाही.

कृपा ठेवशील ती आता हातांनी ठेव, कागदावर नको.

द्रौपदीताई

*

मानक नगर, लखनौ
१४ नोव्हेंबर १९७६

ती. ताईस चंदाचा जयभीम.

ताई, झालं! पत्र आणि बाटली दोन्ही नंदकुमारच्या हाती पाठवतेय. तो विजयच्या ऑफिसात आहे, गोंदियाचा आहे, रजेवर निघालाय. तो तुझ्या घरापर्यंत स्वतः येईन म्हणालाय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तेच औषध घेतलं, तेवढीच साखर ठेवली आणि त्यात मीठ घातलं. खारट न लागण्याइतकं, माय म्हणाली तसं. दोन पेले केले. एकात नुसती साखर, दुसऱ्यात साखर आणि मीठ. कोणता कोणता ते मी कोणाला सांगितलं नाही. सहाच्या सहाजणींनी दुसरा पेला जास्त गोड म्हटला. साखर तर तेवढीच होती! मला आधी खरं वाटेना, परत केलं, तेच आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. मीठ गोड वाढवत नाही, ते कडूला गप्प बसवतं. कडू गप्प झालं की त्याच्याखाली दबलेलं गोड आपोआप वर येतं. इथे थंडीत चौकाचौकांत पेरूवाले पेरूवर काळं मीठ टाकून देतात आणि तुरट पेरूही साखरेसारखा लागतो. आठ वर्षं खातेय आणि एकदाही विचार केला नाही.

पुढचा महिना मी मीठ वाढवत, कमी करत राहिले. मागून येणारं कडू शेवटपर्यंत पिच्छा सोडत नव्हतं. शेवटी संत्र्याचा वास आणि थोडा घट्ट पाक दिला तेव्हा तेही गेलं. पूर्ण गेलं, ताई. मंगळवारी मधुमतीने पेला खाली ठेवला आणि विचारलं की औषध घालायला विसरलात का. दहापैकी दहा दिले. टंडनसाहेबांनी सगळ्यांना मख्खन-मलाई खिलवली.

आता एक गोष्ट फक्त तुला. ही बाटली मी न विचारता आणलीय. दोन भरल्या होत्या. एक मधुमतीला दिली, तिच्या गुड्डीलाही ताप आहे. दुसरी तुला. बाहेर कोणाला बोलू नकोस. कसं द्यायचं ती चिठ्ठी बाटलीला बांधलीय: पहिल्या दिवशी सकाळी दोन चमचे, सहा तासांनी एक, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक. बस.

नाक दाबायला शेजारणीला बोलावू नकोस. नयना चाटूनपुसून घेईल. आता तिघंजण लागलीच तर तिच्या हातून चमचा सोडवायला लागतील!

ती हसली की मला कळव. तोवर मी जेवते पण चव लागत नाही, असं समज.

तुझी,
चंदा

*

कोहळीटोला
२० नोव्हेंबर १९७६

चि. सौ. चंदास अनेक आशीर्वाद.

काल दुपारी नंदकुमार आले. चहा घेतला आणि लगेच बसने परत गेले, फार सज्जन माणूस.

आज सकाळी दिलं. बाटली पाहून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चमचा नुसता ओठांना लावला. जीभ बाहेर आली, मग थांबली, मग तिने माझ्याकडे पाहिलं. चंदा, ती नजर मी काय सांगू. दोन्ही चमचे घेतले आणि म्हणाली, अजून दे. महिन्या-दोन महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं ते आज. मी दारामागे जाऊन रडून घेतलं.

मग मी पण बोट बुडवून चाखलं. शेजारणीने चाखलं. तिच्या लेकराने रडून चाटायला मागितलं. नयना म्हणते, मावशीने सरबत पाठवलं.

हे तीन दिवस जंगलात लाकडांच्या मोजणीवर आहेत, परवा येतील. त्यांना येताच सांगायचं आहे. अंग अजून गरम आहे, आज दुपारची पाळी तेवढी टळली की मी सुटले. पोस्टमन दुपारी येतो म्हणून घाईने लिहिलं.

तू मायची लेक शोभलीस. लोभ किती म्हणून मागू, तू तर बाटली भरून पाठवलास.

द्रौपदीताई

*

मानक नगर, लखनौ
२२ नोव्हेंबर १९७६ (एक्सप्रेस)

ताई,

आज सकाळीच चारबाग स्टेशनावर जाऊन तार केली आहे. मिळाली नसेल तर तारेत लिहिलेलं परत लिहिते: दवा बंद करो. बोतल ताले में रखो. चिट्ठी आ रही है.

काल रविवार. मधुमती नळावर धुणं धूत होती. तिच्या गुड्डीने, तीन वर्षांच्या पोरीने, स्टूल ओढलं, फळीवरची बाटली काढली आणि प्यायली. मिठाई चोरून खावी तशी, कोपऱ्यात बसून. मधुमती आत आली तेव्हा ती झोपलेली वाटली. हलवलं तर मान पडली. कोणीतरी सायकल काढून मला बोलवायला आलं. आम्ही रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. वाटेत तिला झटके आले. मी तिचे पाय धरले होते, ते गार होत चालले होते.

पोटात नळी घालून पोट धुतलं. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायली, मी सांगितलं. किती कडू औषध ते, तीन वर्षांची मुलगी घोटभर तरी कशी पिईल, असं ते म्हणाले. मला उत्तर द्यावं लागलं, ताई. मी म्हटलं की कडू नाही, मीच ते कडू ठेवलेलं नाही. ते म्हणाले की हे औषध जेवढ्याने वाचवतं त्याच्या चारपाच पटीने मारतं, मध्ये फारशी जागाच नाही. गोळी मुलं थुंकतात म्हणून आजवर निभावलं. गुड्डी अजून शुद्धीवर नाही. मधुमती माझ्याशी बोलत नाही, पण माझा हातही सोडत नाही.

मी तुला काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. चमचा सोडवायला तिघं लागतील. मी गंमत केली होती.

चिठ्ठीत लिहिलंय त्याहून एक थेंबही नको. बाटली जमिनीत ओत. जास्त गेलं असेल, ती झोपाळली असेल, दिसत नाही म्हणत असेल, तर क्षणभरही थांबू नकोस, भंडाऱ्याला ने. नेऊन काही निघालं नाही तर मला वेडी म्हण.

उत्तर तारेने दे. एक शब्द दे.

चंदा

*

कोहळीटोला
३० नोव्हेंबर १९७६

सौ. चंद्रप्रभाबाई यांस दादाराव यांचा जयभीम.

आपली तार मागच्या मंगळवारी आली. तेव्हा घरी कोणी नव्हते. पोस्टमनने ती दारात सरकवून ठेवली होती.

मोजणी लवकर आटोपली म्हणून मी शनिवारीच, वीस तारखेला, दिवस मावळायच्या वेळी घरी आलो. पोरगी खाटेवर पडली होती. द्रौपदी तिच्या गालावर पाणी मारत होती. पोरगी मला म्हणाली, बाबा, दिवा लावा. दिवा तिच्यासमोर होता. मग तिचे डोळे फिरले. बाटली पाहिली तर तळाशी थोडे राहिले होते. मी विचारले तेव्हा द्रौपदीने सांगितले की तिची नजर चुकवून पोरीने घेतले.

रेंजरसाहेबांची जीप मिळाली म्हणून भंडारा गाठता आले. जीपमध्ये तिचा श्वास दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा ड्रायव्हरने स्वतःहून गाडी थांबवली होती. मी त्याला शिवी दिली आणि पळव म्हणालो. हॉस्पिटलात सहा दिवस ठेवले. आता दिसते, चालते. तापही उतरला आहे. त्याचे श्रेय औषधाला द्यायचे का, ते मला कळत नाही.

आपण वाईट हेतूने पाठवले नाही हे मी जाणतो. परंतु यापुढे आमच्या घरी कसलेही औषध पाठवू नये. द्रौपदी लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. तिला पत्र लिहून त्रास देऊ नये, ही विनंती.

कळावे,
दादाराव

*

मानक नगर, लखनौ
१५ डिसेंबर १९७६

ती. ताईस आणि ती. भाऊजींस चंदाचा जयभीम.

भाऊजींनी लिहू नकोस म्हटलं आहे. तरी लिहिते. वाचू नये वाटलं तर ठेवून द्या.

नयना दिसते, चालते, ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की कागद घडीवर फाटला. गुड्डी चौथ्या दिवशी शुद्धीवर आली. आता घरी आहे.

मी टंडनसाहेबांना सगळं सांगितलं. बाटल्या चोरून नेल्याचंही सांगितलं. वाटलं होतं काढून टाकतील. त्यांनी चहा मागवला. अतिशय नम्रपणे म्हणाले की बाटल्यांचं आम्ही विसरलो, तुम्ही बाकीचं विसरा. मुलांवर लक्ष ठेवणं हे आईचं काम, कंपनी कोणाची मुलं सांभाळत नाही. आणि चवीच्या कागदावर माझी सही हवी, ती आजच करा.

मी म्हटलं की सही करीन, पण मीठ कमी केल्यावर. पहिला चमचा गिळता यावा आणि मागून कडू उरावं, म्हणजे दुसरा चमचा मूल स्वतःच नाकारेल. ते हसले. म्हणाले, तीन महिने पगार घेऊन जे घालवलं ते आता परत आणणार? बाजारात दुसऱ्या कंपनीचं औषध याहून गोड निघालं तर जबाबदार कोण?

मी सही केली नाही. सोमवारपासून मला प्रयोगशाळेतून काढून बाटल्या धुण्याच्या खोलीत देखरेखीला बसवलंय. पाणी बर्फासारखं असतं, बायकांचे हात फुटले आहेत. विजय म्हणतो, सोड नोकरी. मी गेले तर माझ्या जागी जो येईल तो सही करेल.

ताई, मला क्षमा नको. एक ओळ हवी. ती शिवी असली तरी चालेल.

चंदा

*

मानक नगर, लखनौ
२० फेब्रुवारी १९७७

ती. ताईस चंदाचा जयभीम.

जानेवारीतली दोन पत्रं आणि हे तिसरं. तुझं अक्षर तीन महिन्यांत पाहिलेलं नाही.

कारखान्यात एक गोष्ट घडली. माझ्या जागी नवीन माणूस आला होता. सही करायच्या आधी नियमाप्रमाणे त्याला बायकांकडून पुन्हा एकदा चवीचे गुण घ्यायचे होते. सहाजणी बसल्या. पेले फिरले. कागद गोळा केले तर सगळ्यांवर शून्य. त्याने परत पेले दिले, परत शून्य. टंडनसाहेब स्वतः खाली आले आणि मधुमतीला विचारलं की गेल्या वेळी दहा आणि आता शून्य कसं. ती उभी राहिली. म्हणाली की साहेब, जीभ आमची आहे, नोव्हेंबरात तिला अक्कल नव्हती. मग म्हणाली की बहनजींना वर आणा, त्या बनवतील ते आम्ही चाखू, दुसऱ्याचं नाही.

त्यांना वाटलं दोन दिवसांत मऊ पडतील. दहा दिवस गेले. त्यातच हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं पत्र कंपनीला आलं. गुड्डीची हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती. टंडनसाहेबांनी मला बोलावलं आणि पत्र पुढे सरकवलं. म्हणाले, वर या आणि तुम्हाला हवं तसं करा.

मी मीठ निम्म्यावर आणलं. संत्र्याचा वास काढला. आता पहिला चमचा जातो, मग चव उलटते आणि तोंड वाकडं होतं. बायकांनी तीनपासून पाचपर्यंत गुण दिले आणि खूश झाल्या. बाटलीवर हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चमच्यांचा हिशेब छापायचं ठरलंय. मी सही केली.

आणि मार्चअखेरीस मी नोकरी सोडते आहे. विजयला सांगितलं आहे. औषधाला आणि चवीला मी परत हात लावणार नाही. माझ्या हाताने दोन घरांत हे झालं, तिसऱ्या घरात कुठे होईल ते मला कळायचंही नाही. कुठे शाळेत मिळालं तर शिकवीन.

तुझ्या मौनाचा मला राग नाही. माझं पत्र पोचतंय एवढं मानून लिहिते.

चंदा

*

कोहळीटोला
१७ मार्च १९७७

चि. चंदास,

तुझी सगळी पत्रं मिळाली. नोव्हेंबरचं एक्सप्रेस, डिसेंबरचं, जानेवारीची दोन, फेब्रुवारीचं. मी एकही फाडलेलं नाही. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीलाच हात थांबायचा, कारण ती ओळ खोटी लिहावी लागली असती.

नयनाने बाटली चोरली नाही. मी दिली.

सकाळी दोन चमचे दिले, ते तुला लिहिलंच होतं. पोस्टमनला तुझं पत्र दिलं आणि आत आले तर तिला पाळी आली होती. रोजच्यापेक्षा जास्त. दात वाजत होते, आणि ओठ काळे पडले होते. चिठ्ठीप्रमाणे तिसरा चमचा दिला. तासभर वाट पाहिली. ताप चढतच होता. मी चिठ्ठी वाचली होती चंदा, मला वाचता येतं. पण मी ते चाखलं होतं. आपल्या मायचा काढा मी चाखला आहे, मलेरियावाल्यांची गोळी मी चाखली आहे. ज्याने ताप जातो ते कडू असतं, हे माझ्या जिभेला लहानपणापासून माहीत. आणि हे तर सरबत. मला वाटलं, चंदाने भाचीच्या मायेने औषध पातळ केलं असणार, गोड करता करता त्यातला जोर गेला असणार. म्हणून आणखी एक दिला. मग दोन. ती मागत होती, मी देत होते. समोरच्या घरचं पोरगं माझ्या डोळ्यांपुढे होतं. किती दिले ते मोजलं नाही. ती सुस्त पडली तेव्हा मला वाटलं, ताप उतरला, झोप लागली. मी शेजारणीला हसून सांगितलं की झोपली.

मग हे आले. बाटली उचलून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, पोरीने घेतलं. मी ठरवून नाही बोलले. पण नंतर सहा दिवस हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तेच बोलले, ते मात्र ठरवून. पुढे तुझं पत्र आलं, गुड्डीचं वाचलं, आणि मला वाटलं, बरं झालं, आता सगळ्यांना खरंच वाटेल. तू स्वतःला दोष देत गेलीस आणि मी चुलीजवळ बसून वाचत गेले.

तरीही मी कदाचित बोलले नसते. परवा साकोलीहून यांची आत्या आली होती. तिने नयनाला जवळ घेतलं आणि विचारलं की कशी आहेस. पोरगी मान खाली घालून म्हणाली, मी चोरून औषध प्यायली, म्हणून बाबांची जीप मध्येच थांबली. कोणी शिकवलेलं नाही तिला. सगळ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला आठवायला लागलं आहे. चार वर्षांच्या पोरीला तिने न केलेली गोष्ट आठवते आहे, चंदा. औषधाच्या त्या दिवसापासून ती चमचा घेऊन जेवत नाही. हाताने जेवते.

तू नोकरी सोडू नकोस. तू केलेली चूक तू सुधारलीस. पण तू सुधारलंस ते लेकरांसाठी. आयांचं काय करशील? माझ्यासारखी प्रत्येक आई आधी स्वतः चाखून बघणार, आणि तिची जीभ जे सांगेल ते चिठ्ठीपेक्षा खरं मानणार. हे तुझ्या टंडनसाहेबांना माहीत नसेल, त्या डॉक्टरांनाही नसेल. तुला आता माहीत आहे. तू गेलीस तर तिथे हे सांगायला कोण उरलं?

यांना अजून सांगितलेलं नाही. आज दुपारी ते लाकडाच्या डेपोतून आले की सांगणार आहे. नयनाला समोर बसवून सांगणार आहे, तिच्याही कानांवर जावं म्हणून. ते काय करतील, मला माहीत नाही. त्यांनी तुला लिहिलेल्या पत्राबद्दल आणि त्या जीपबद्दल त्यांच्या मनात काय साचलं आहे, ते मी पाहिलं आहे.

पोस्टमन दारात उभा आहे. हे पत्र आधी त्याच्या पिशवीत टाकते, म्हणजे दुपारी मला मागे फिरता यायचं नाही.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू. ठेवलास तर तो माझ्या वाट्याचा नयनावर ठेव.

तुझी ताई,
द्रौपदी